बाजारात न आलेली यंत्रं

१९५६ साली वसईजवळच्या गासच्या शेजारी भुईगावात सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. त्याआधी १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात आठव्या लेखाचा तुकडा मिळाला होता. दोन्ही दगड मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात गेले. त्याच १९५६ च्या अखेरीस मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या तरुण अभियंत्यांनी एका संगणकाचं प्रायोगिक यंत्र चालवून दाखवलं. भारतात आखलेला आणि भारतातच जोडलेला इलेक्ट्रॉनिक अंकी संगणक म्हणून त्याचं नाव पहिलं घ्यावं लागतं. अशोकाच्या दगडाला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचं छत्र आहे. त्या कायद्याला वस्तू किमान शंभर वर्षांची लागते; हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात. म्हणजे १९५६ चं यंत्र २०५६ उजाडेपर्यंत कायद्याच्या लेखी नुसतं जुनं सामान. आणि इलेक्ट्रॉनिक सामान शंभर वर्षं कुठलंही कार्यालय राखून ठेवत नाही. दहा वर्षांत त्याची जागा दुसऱ्याला लागते.

कधीच विकायला न आलेलं संगणकाचं सामान जमवणं हा जगभर आता गंभीर छंद झाला आहे. लिलाव होतात, लाखो डॉलरच्या बोली लागतात, बनावट मालही निघतो. आपल्याकडे या छंदाची चर्चा झालीच तर ती त्या बोलींपुरती होते. मला ते अपुरं वाटतं. महाराष्ट्रात संगणक घडवण्याचे प्रयत्न सत्तर वर्षं चालले आहेत, त्यातले बरेच बाजाराच्या अलीकडेच थांबले. अशा यंत्रांसोबत त्यांचे कागद आणि ती घडवणाऱ्यांच्या आठवणी जमवल्या नाहीत, तर नुसते बोर्ड जमवून हाती फार थोडं लागतं, असं माझं मत आहे.

आधी या सामानातले प्रकार वेगळे करून पाहू. एखादी कंपनी नवं यंत्र काढते तेव्हा ते एका उडीत दुकानात येत नाही. पहिला नमुना बहुधा हाताने जोडलेला असतो. तारा उघड्या, खोका नाही, कधी साध्या लाकडी फळीवर ठोकलेला. मग अभियांत्रिकी चाचणीचा नमुना, त्यानंतर रचनेच्या चाचणीचा, शेवटी उत्पादनाच्या चाचणीचा. कारखान्यांत यांना ईव्हीटी, डीव्हीटी, पीव्हीटी म्हणतात. चिपच्या धंद्यात ‘इंजिनिअरिंग सॅम्पल’ म्हणजे ईएस असतं. प्रोसेसर बाजारात येण्याआधी मदरबोर्ड बनवणाऱ्यांना चाचणीसाठी दिलेला हा तुकडा असतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना आगाऊ दिलेली ‘डेव्हलपमेंट किट’ हा आणखी एक प्रकार. आणि सगळ्यांत चटका लावणारा प्रकार म्हणजे पूर्ण तयार झालेलं, नाव ठेवलेलं, जाहिरातही केलेलं, पण ऐनवेळी रद्द झालेलं यंत्र. जमवणारे या साऱ्यांना सरसकट ‘प्रोटोटाइप’ म्हणतात. पण पीव्हीटीचा नमुना विक्रीच्या मालासारखाच असतो, त्यातून शिकण्यासारखं कमी. पहिल्या हातजोडणीच्या नमुन्यात मात्र रचनाकाराचा विचार चालू अवस्थेत दिसतो.

परदेशात हे सामान बाहेर येतं ते मुख्यतः दिवाळखोरीतून. सोनी आणि निन्टेन्डो यांनी मिळून एक गेम यंत्र करायचं ठरवलं होतं. १९९१ मध्ये करार फिसकटला आणि सोनीने पुढे स्वतःचं प्लेस्टेशन काढलं. दोन्ही कंपन्यांची नावं असलेला त्याचा एक नमुना २००९ मध्ये अमेरिकेत दिवाळखोर झालेल्या एका वित्त कंपनीच्या सामानाच्या लिलावात, पंचाहत्तर डॉलरच्या खोक्यांत, त्याच कंपनीच्या देखभाल कर्मचाऱ्याला मिळाला. त्या कंपनीशी पूर्वी सोनीच्या एका बड्या अधिकाऱ्याचा संबंध होता, म्हणून तो नमुना तिथे पोचला. २०१५ मध्ये ही गोष्ट जगाला कळली आणि मार्च २०२० मध्ये तो नमुना तीन लाख साठ हजार डॉलरला गेला. आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. दरम्यान एका हौशी दुरुस्तीकाराने तो नमुना उघडला आणि त्याचा बंद पडलेला सीडीचा भाग चालू केला. त्यामुळे आत काय आहे, सीडीचा भाग कुठवर तयार होता, हे लोकांना प्रथमच पाहता आलं. माझ्या दृष्टीने त्या साऱ्या प्रकरणातली मोलाची घटना ती.

थ्रीडीएफएक्स या ग्राफिक्स कार्डांच्या कंपनीचं ‘वूडू ५ ६०००’ हे कार्डही असंच. चार प्रोसेसर एकाच लांबलचक पाटीवर, १२८ एमबी मेमरी, आणि विजेची भूक इतकी की संगणकाबाहेर वेगळा अडॅप्टर लावायचा. २००० सालच्या अखेरीस ते रद्द झालं आणि पाठोपाठ कंपनीने आपलं तंत्रज्ञान एनव्हीडियाला विकलं. हाताच्या बोटांवर मोजता यावेत अशा संख्येने नाही, पण फार थोडे नमुने बाहेर राहिले. त्यांच्या मालकांनी वेगवेगळ्या आवृत्त्यांतले दोष एकमेकांशी ताडून पाहिले, कुठल्या आवृत्तीत कुठली चूक होती आणि ती शेवटी कशी सुटत आली होती हे शोधून काढलं. कंपनी बुडाली, पण तिचं अर्धवट काम वाचणारे लोक तिला मिळाले.

कमोडोर ६५ चं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. कमोडोर ६४ चा हा वारसदार १९९० च्या आसपास घडत होता, पुढे रद्द झाला. १९९४ मध्ये कंपनीच मोडीत निघाली, तेव्हा गोदामातले नमुने घाऊक विकले गेले. ते ज्यांच्या हाती पडले त्यांच्यातले काही नुसते मालक राहिले नाहीत. त्यांनी यंत्राचं वर्तन टिपलं, रॉम वाचून ठेवले, आणि त्या साऱ्यावर उभं राहून काही उत्साही मंडळींनी ‘मेगा६५’ नावाचं नवं यंत्र तयार केलं. ते २०२२ पासून लोकांच्या घरी पोचलं. तीस वर्षांपूर्वी नाकारलेलं यंत्र असं पुन्हा वापरात येतं, तेव्हा संग्रह करण्याचा अर्थ मला नीट कळतो.

आता आपल्याकडे वळू. आपली परिस्थिती मुळातच निराळी. इथे संगणक घडवले ते बहुतेक सरकारी पैशाने, सरकारी संस्थांत. त्यामुळे नमुना आणि अंतिम यंत्र यांत फरकच कमी. पुष्कळदा एकच प्रत घडायची आणि तीच वापरली जायची.

टाटा संस्थेचा संगणक हे याचं पहिलं उदाहरण. होमी भाभांच्या पाठिंब्याने, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५५ च्या सुमाराला काम सुरू झालं. नरसिंहन अमेरिकेत शिकून आलेले. बाकीच्यांतल्या बहुतेकांनी संगणक डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. थेट मोठं यंत्र न करता त्यांनी आधी ‘पायलट मशीन’ केलं. हिशेब करून देणं हे त्या छोट्या यंत्राचं काम नव्हतं. आपली सर्किटं चालतात का, स्मृती टिकते का, हे तपासायला ते होतं. जगात त्या काळी संगणकाच्या स्मृतीसाठी पाऱ्याच्या नळ्या, कॅथोड नळ्या असे नाना प्रयोग चालू होते. या मंडळींनी फेराइटच्या बारीक कड्यांतून तारा ओवून केलेली स्मृती निवडली. पुढची पंधरा-वीस वर्षं सगळं जग त्याच वाटेने गेलं. अनुभव नसलेल्या माणसांनी केलेली ती निवड किती नेमकी होती, हे आज मागे वळून पाहताना कळतं.

पायलटवर शिकून १९५७ मध्ये मोठ्या यंत्राची जोडणी सुरू झाली, १९६० मध्ये ते कामाला लागलं. १९६२ साली कुलाब्याच्या इमारतीच्या उद्घाटनाला पंडित नेहरू आले तेव्हा त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण झालं. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर. हे सगळं १८ फूट लांब, आठ फूट उंच आणि अडीच फूट खोल अशा पोलादी सांगाड्यात. दोन्ही बाजूंना दारं, म्हणजे ट्यूब गेली तर आत हात घालता यावा. आलेख आणि अक्षरं दाखवणारा कॅथोड नळीचा पडदाही त्याला जोडला होता. आज्ञा लिहायच्या त्या थेट शून्य आणि एकच्या भाषेत. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकी सीडीसी ३६०० आला आणि टिफ्रॅकचं काम लवकरच संपलं. पाच वर्षांचं आयुष्य. आज त्याच्याविषयी तपशिलाने बोलता येतं याचं मोठं श्रेय त्या गटातल्या पी. व्ही. एस. राव यांना आहे. त्यांनी २००८ मध्ये ‘रेझोनन्स’ मासिकात त्याच्या घडणीची सविस्तर हकीकत लिहिली. पन्नास वर्षांनी एका अभियंत्याने लिहायला घेतलं म्हणून आपल्याला त्या यंत्राच्या आत डोकावता येतं.

त्यानंतरची यादी लांब आहे. तुर्भ्याला अणुशक्ती केंद्रात आखलेला टीडीसी-१२, म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर, १९६९ मध्ये हैदराबादच्या ईसीआयएलने बाहेर काढला. पुण्यात १९८८ साली महासंगणक घडवण्यासाठी सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळत नव्हता. तीस कोटी रुपये आणि तीन वर्षं हाताशी घेऊन विजय भटकरांच्या गटाने ‘परम ८०००’ घडवला. त्याचा नमुना १९९० मध्ये झुरिचच्या प्रदर्शनात चालवून दाखवला, पूर्ण यंत्र १९९१ मध्ये आलं. एकच बलाढ्य प्रोसेसर नव्हता, म्हणून इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर नावाचे छोटे प्रोसेसर मोठ्या संख्येने एकमेकांशी जोडून काम वाटून घ्यायचं, अशी ती रचना. झुरिचला जाण्याआधीचा जो कच्चा नमुना असेल, त्यात कुठली जोडणी करून पाहिली आणि सोडून दिली, हे परमच्या गौरवग्रंथांपेक्षा मला अधिक वाचावंसं वाटतं.

मराठी माणसाच्या रोजच्या वापराशी सगळ्यांत थेट नातं असलेला नमुना मात्र पुण्यात किंवा मुंबईत झाला नाही. तो कानपूरच्या आयआयटीत झाला. १९८३ मध्ये दिल्लीतल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात देवनागरीतून चालणाऱ्या संगणकाचा नमुना तिथल्या गटाने दाखवला. त्या कामातून जिस्ट तंत्र पुढे आलं. मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी ते सी-डॅकमध्ये आणलं आणि संगणकात खोचायचं जिस्ट कार्ड तयार झालं. नव्वदच्या दशकात सरकारी कचेऱ्यांत, छापखान्यांत ज्यांनी मराठी टंकलेखन केलं त्यांच्यातल्या अनेकांनी ते कार्ड वापरलं. ते आजही जुन्या संगणकांत सापडतं. जमवणाऱ्यांनी ते दिसताच बाजूला काढावं. ते दुर्मीळ नाही, पण त्याच्या मागे उभा असलेला १९८३ चा नमुना समजायला तोच सोपा मार्ग आहे.

अलीकडच्या काळातली गोष्ट म्हणजे ‘आकाश’. जुलै २०१० मध्ये केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी पस्तीस डॉलरच्या टॅबलेटचा नमुना हातात धरून दाखवला. ऑक्टोबर २०११ मध्ये डेटाविंड कंपनीने केलेला पहिला आकाश आला, त्यावर टीका झाली, मग काम मुंबईच्या आयआयटीकडे दीपक फाटक यांच्या गटाकडे गेलं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये आकाश-२ निघाला. आकाश-४ ची वैशिष्ट्यं ठरली, कागदावर आली, पण पुढे मोहीमच गुंडाळली गेली. त्याआधी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या छोट्या शाळेत ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मुलांच्या हाती आले होते. भारतात ते कधी दुकानात लागले नाहीत. याच मोहिमेचा दोन पडद्यांचा एक्सओ-२ हा तर २००८ च्या प्रदर्शनी नमुन्याच्या पुढे गेलाच नाही. या सगळ्या वस्तू अजून माणसांच्या कपाटांत असण्याच्या वयाच्या आहेत. त्या आज मिळवता येतील. वीस वर्षांनी येणार नाहीत.

मग आपल्याकडून हे सामान जातं कुठे? कुठल्याही सरकारी किंवा अनुदानित संस्थेत गेलात तर तिथे एक नोंदवही असते: डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे जडसंग्रह नोंदवही. आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू तिच्यात क्रमांकाने चढते. वस्तू निकामी झाली की समिती बसते, निर्लेखनाचा ठराव होतो, आणि लिलाव किंवा निविदा काढून माल विकला जातो. या व्यवस्थेत गैर काही नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब असाच राहायला हवा. अडचण अशी की नोंदवहीत ‘संगणक, नग १’ एवढंच लिहिलेलं असतं. बाजारातून आणलेला संगणक आणि तिथेच घडवलेला जगातला एकमेव नमुना, दोन्हींची ओळ सारखीच दिसते. निर्लेखन करणारा कारकून त्यात फरक कसा करणार? शिवाय नमुना बिनकामाचा असणं हे त्याच्या जातीतच असतं. समितीच्या निकषावर तो सगळ्यांत आधी बाद ठरतो.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी मोठ्या संस्थांना त्यांचा इलेक्ट्रॉनिक कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच देणं बंधनकारक केलं. कुर्ला, साकीनाक्याच्या गल्ल्यांत आम्लात बोर्ड बुडवून सोनं काढणाऱ्या मुलांचे हात आणि फुप्फुसं पाहिली की हा नियम किती गरजेचा आहे हे पटतं. पण त्यात जुनी यंत्रं वाचवणाऱ्यांची एक वाट बंद झाली. पूर्वी भंगाराच्या लॉटमधून एखादा बोर्ड वेगळा काढून घेता यायचा. नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यात माल तोलून घेतला जातो आणि थेट दळायला जातो. जुन्या सिरॅमिक चिपला पिनांवरच्या आणि आतल्या सोन्यामुळे भाव जास्त. नेमक्या अशाच चिप सुरुवातीच्या नमुन्यांत असायच्या, म्हणून त्या आधी वितळल्या.

आमच्या वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवलीच्या गाळ्यांतून गेली चाळीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्सचं छोटं-मोठं काम चालत आलं आहे. अंधेरीच्या सीप्झ निर्यात क्षेत्रात ऐंशीच्या दशकात टंडन कंपनीचे डिस्क ड्राइव्ह जोडले जायचे. सोल्डरिंगचा हात तयार झालेली एक पिढी त्या काळात घडली. वसईतल्या अशाच एका बंद पडलेल्या गाळ्यातून आलेला एक बोर्ड माझ्याकडे आहे. त्याच्याकडे पाहत गेलं की नमुना कसा वाचायचा ते कळतं. पाटी हिरवी, एका कडेला करवतीने कापल्याचे व्रण. मध्ये ८०८५ प्रोसेसर. शेजारी काचेची खिडकी असलेली ईप्रॉम, तिच्यावर कागदाची पट्टी आणि बॉलपेनने लिहिलेलं ‘०.७’. विक्रीच्या मालावर आवृत्ती छापलेली असते, हाताने लिहिलेली नसते, आणि शून्यापासून सुरू होणारी तर नसतेच. चिपांच्या पाठीवर चार आकडे: ८८१७, ८८४२, ८९०३. पहिले दोन आकडे सालाचे, पुढचे दोन आठवड्याचे. म्हणजे १९८९ च्या तिसऱ्या आठवड्याआधी हा बोर्ड जोडला जाणं शक्य नाही. पाटी उलटी केली की एक पिवळी तार दिसते, प्रोसेसरच्या एका पिनेपासून कोपऱ्यातल्या कंडेन्सरपर्यंत मोकळी ओढलेली, मध्ये गरम गोंदाचा ठिपका.

त्या तारेचा अर्थ मला पुष्कळ काळ लागत नव्हता. तो बोर्ड ज्यांनी आखला ते निवृत्त अभियंते वसईतच राहतात. त्यांना मी काका म्हणतो. त्यांनी चष्मा लावून पाटी हातात घेतली आणि लगेच म्हणाले, “वीज गेली आणि लगेच आली की रीसेट अडकायचा. पाटी नव्याने छापायला पैसे नव्हते, म्हणून तार टाकली.” मग त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. दूध संकलन केंद्रासाठी फॅट आणि लिटर यांवरून पैसे काढणारं ते यंत्र होतं. चाचणी एका तबेल्यात झाली होती, आणि पावसाळ्यातल्या विजेच्या लपंडावाने ती तार आणली होती. फाइलमध्ये सर्किटचा नकाशा होता, हाताने लिहिलेला प्रोग्राम होता, चाचणीच्या नोंदी होत्या. यंत्र विक्रीला आलं नाही, कारण मालकाने गाळा बंद केला. फाइल नसती तर त्या पाटीबद्दल मी एवढंच सांगू शकलो असतो की ती १९८९ च्या आधीची नाही.

इंग्लंडमध्ये केंब्रिजला घडलेल्या एडसॅक या १९४९ च्या संगणकाच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. ब्लेचली पार्कच्या संग्रहालयात त्याची प्रतिकृती जुन्या छायाचित्रांवरून उभी करायचं काम चालू असताना, २०१४ मध्ये, एका निवृत्त अभियंत्याने १९ मूळ आराखडे आणून दिले. तो १९५९ मध्ये केंब्रिजला नोकरीला लागला तेव्हा ते टाकून देण्यात येत होते आणि त्याने उचलून ठेवले होते. त्यामुळे प्रतिकृती करणाऱ्यांचे कितीतरी अंदाज तपासता आले.

खऱ्या-खोट्याची परीक्षाही शेवटी कागदावरच येते. प्रोसेसरचं वरचं आवरण घासून त्यावर नवी अक्षरं छापणं हा जुना उद्योग आहे. पूर्वी कमी वेगाची चिप जास्त वेगाची म्हणून खपवायला तो चालायचा; आता साध्या चिपवर ‘गोपनीय’ आणि ‘इंजिनिअरिंग सॅम्पल’ असे शब्द छापले जातात. रद्द झालेल्या कार्डांच्या नव्या पाट्याही तयार होतात. त्यातल्या काही अभ्यासासाठी उघडपणे केलेल्या असतात, पण एकदा हात बदलले की त्या मूळ म्हणून विकल्या जातात. भिंगाखाली अक्षरांच्या कडा आणि तारखेचे आकडे जुळतात का ते पाहावं. वस्तू कुणाकडून कुणाकडे आली त्याची साखळी लिहून मागावी. साखळी सांगता येत नसेल तर ती वस्तू अभ्यासाला घ्यावी, संग्रहाचा मोठा तुकडा म्हणून पैसे मोजू नयेत.

मालकीचा प्रश्न अवघड आहे. इंटेलसारखी कंपनी स्पष्ट सांगते की ईएस चिप ही कंपनीचीच मालमत्ता, ती विकता येत नाही. तरीही सर्व्हरच्या ईएस चिप चीनमधून जगभर स्वस्तात विकल्या जातात आणि आपल्याकडेही कमी पैशांत जास्त कोअर हवे असणारे त्या घेतात. या ताज्या चिपांना संग्रह म्हणणं मला पटत नाही. तो चोरट्या मालाचा व्यवहार आहे. पण ज्या कंपनीचं अस्तित्वच संपलं, जिने स्वतः तो नमुना कचऱ्यात टाकला, तिची वस्तू तीस वर्षांनी जपणाऱ्याला त्याच मापाने मोजणं अन्याय ठरेल. सरकारी संस्थेतून कुणी घरी नेलेल्या वस्तूबाबत मात्र मी कठोर राहीन. ती परत देणं आणि संस्थेकडून तिची नोंद करून घेणं हाच सरळ मार्ग.

सांभाळण्याचं म्हणाल तर आमचा किनारा इलेक्ट्रॉनिक्सला मानवत नाही. गास, भुईगाव, निर्मळकडे खारं वारं थेट येतं आणि जून ते सप्टेंबर हवेत ओल भरून असते. तांब्याच्या रेघांवर हिरवा बुरशीसारखा थर चढतो, लोखंडी खिळे-पट्ट्या गंजतात, चिकटवलेल्या कागदाला कसर लागते. जुन्या मदरबोर्डवर सोल्डर केलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी दिसली की ती आधी काढावी. ती गळते आणि तिच्यातला क्षार रेघा खात जातो. गळलेल्या जागी सौम्य व्हिनेगर फिरवून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण सुकवावं. बोर्ड साध्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये. त्यासाठी मिळणारी अँटिस्टॅटिक पिशवी, घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, ज्या दर पावसाळ्याआधी बदलायच्या. वर्षानुवर्षं पडून असलेलं यंत्र थेट २३० व्होल्टला लावलं की आतले कंडेन्सर फुटू शकतात, म्हणून दाब हळूहळू चढवत न्यावा. ईप्रॉमची खिडकी झाकलेली राहू द्यावी, कारण उन्हातले अतिनील किरण आतलं लेखन पुसतात. झाकूनही ते लेखन कायमचं टिकत नाही. हाती आल्याबरोबर रीडरवर ते वाचून फाइल करून ठेवावी, आणि तिच्या प्रती निदान दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात.

वस्तू खासगी घरात असावी की संग्रहालयात, यावर जमवणाऱ्यांत दोन तट आहेत. कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमसारखी संस्था दाराशी असती तर मी डोळे मिटून संग्रहालय म्हटलं असतं. आपल्याकडे घरच बरं ठरतं, कारण घरच्या माणसाचा जीव त्यात असतो. पण त्या माणसामागे घरातले लोक ते सामान काय म्हणून ठेवतील? प्रत्येक वस्तूसोबत एक पान असावं: काय आहे, कुठून आलं, कुणी घडवलं, माझ्यामागे कुणाला द्यायचं. हे पान नसल्यामुळे भंगारात गेलेली कपाटं पुष्कळ आहेत.

संस्थांनी करण्यासारखं काम याहून सोपं आहे. जडसंग्रह नोंदवहीत एक रकाना वाढवावा: ‘येथेच घडवलेले’. त्या रकान्यात खूण असलेल्या वस्तूचं निर्लेखन करण्याआधी पाटीची दोन्ही बाजूंनी छायाचित्रं घ्यावीत, रॉम वाचावा, आराखडे स्कॅन करावेत, आणि ती घडवणारा माणूस हयात असेल तर त्याला बोलावून तासभर मराठीत बोलतं करून ध्वनिमुद्रण करावं. मग वस्तू ठेवायची की नाही ते समितीने ठरवावं. आयआयटी मुंबईत माधव देसाई यांच्या गटाने घडवलेला आणि मोहालीच्या सरकारी कारखान्यात १८० नॅनोमीटरवर काढलेला ‘अजित’ प्रोसेसर २०१९ मध्ये जाहीर झाला. त्याचे सुरुवातीचे नमुने, चुकलेल्या फेऱ्यांसकट, आत्ताच बाजूला काढता येतील. वसईच्या विद्यावर्धिनी अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणी दर वर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांचे बोर्ड तयार होतात आणि तोंडी परीक्षा झाली की धूळ खातात. तिथल्या ग्रंथालयात एक कुलूपबंद कपाट असावं. त्यात पहिल्यांदा कुणाचं काय ठेवायचं असं मला विचारलं, तर मी काकांची दूध संकलनाची फाइल आणि तो पिवळ्या तारेचा बोर्ड द्यायला तयार आहे. काकांचाही होकार आहे.